चोरून आणलेली फांदी

५ जानेवारी

पोचलो एकदाचे! विमानतळावर ताईने ही वही माझ्या हातात कोंबली आणि बजावलं की रोज फोन करून माझं डोकं खायचं नाही, काय असेल ते यात लिहायचं आणि रविवारी थोडक्यात सांगायचं. थोडक्यात म्हणे! आमच्या घराण्यात थोडक्यात कुणाला येतं? हे एवढं सांगायलाच ती पाऊण तास घेऊन बसली होती.

घर मात्र झकास आहे. बैठं, पांढरं, उतरत्या छपराचं, पुढे-मागे व्हरांडा. स्वयंपाकघरात ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीतून थेट मागचं आवार. आवार! जन्मभर तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या गजांना कुंड्या टांगून हौस भागवलेली बाई मी. इथली माती काळीभोर, ओलसर, मुठीत धरली की भुसभुशीत सुटते. ती मूठ मी नवऱ्याच्या नाकाशी नेली तर तो म्हणाला, आधी बॅगा उघड, मग माती खा.

त्याचं काम नदीवरच्या पुलाचं. साइट गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, त्यामुळे आठवडाभर तो तिकडे आणि शनिवार-रविवार इकडे. कंपनीने ही घरं ओळीने बांधलीत, पण अजून बरीचशी रिकामीच आहेत. म्हणजे इथे मी आणि ठकी. ठकी ही आमची लेक, वय वर्षं सहा, तोंड वय वर्षं साठ. आल्या आल्या तिने ड्रायव्हरला पायजमा वर करून गुडघ्यावरचा वण दाखवला. गेल्या वर्षी सायकलवरून पडली, टाके पडले, तेव्हापासून बाईंचं ते पदक आहे. इथले डास बघून मी पायजमा खाली ओढला आणि सक्त ताकीद दिली की झोपतानासुद्धा पाय उघडे दिसता कामा नयेत. तर म्हणते कशी, जशी आज्ञा, आईसाहेब. काही हवं असलं किंवा चिडवायचं असलं की मी आईसाहेब होते, एरवी नुसती आई.

शेजारच्या आवारात दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. फ्रॉक, चड्ड्या, सगळ्या मापांचे. चला, सवंगड्यांची सोय झाली.

९ जानेवारी

आज कंबर मोडेपर्यंत खणलं. मिरच्या लावल्या. ताईला सांगून पटणार नाही, पण घरून आणलेले धणे परवा टाकले ते आज वर आलेत. सकाळभर रणरणतं ऊन, चहाच्या वेळेला सपासप पाऊस, पुन्हा ऊन. अशा हवेत काठी खोचली तरी पालवी फुटायची.

शेजारीण भेटली. दोन्ही आवारांमध्ये माझ्या कपाळाएवढी भिंत आहे आणि भिंतीत एक छोटं लाकडी फाटक, ते उघडून उभी होती. वय कळत नाही. डोक्यावर गवताची ही एवढी टोपी आणि कमरेला, आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा असतो तशी, छाटणीची कात्री. आम्ही तिचं नाव टोपीवाली ठेवलं. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, त्यामुळे आंधळ्याची गाठ बहिऱ्याशी, पण हातवारे करून भागतं. मुलं कुठे शाळेत जातात विचारलं तर नुसती हसली.

तिच्या भिंतीलगत एक झुडूप आहे. नाव मला माहीत नाही. जाड चकचकीत पानं आणि फुलं तान्ह्या बाळाच्या तळव्याच्या रंगाची. पानांना किडीने भोकं पाडलीत, खोडावर जुने चिरे आहेत, तरी फुललंय नुसतं. मी एक फांदी मागितली. तिने मान हलवली. ती म्हणाली की ती देत नाही कधी, बदलते. एकाला एक. मी हसून म्हटलं, माझ्याकडे कोथिंबीर आहे, चालेल? तिने माझ्या वाफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ठकीकडे बघत होती. ठकी तेव्हा पायजमा वर करून पदक दाखवायच्या बेतात होती, मी तिला दामटून घरात नेलं.

१२ जानेवारी

आज मी चोर झाले.

आमची आई म्हणायची, मागून आणलेली फांदी रुसते, विकत आणलेली फांदी मरते, चोरून आणलेली हमखास लागते. आईची अर्धी बाग अशीच उभी राहिली होती. लग्नाकार्याला गेली तरी पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन यायची. रक्तातच आहे, माझा काय दोष?

टोपीवाली दुपारची झोपते. मी स्टुलावर चढले, ठकीने खालून स्टूल धरलं, आणि भिंतीवरून वाकून फांदी घेतली. आईच्या पद्धतीने सगळं केलं. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या पेराच्या, खाली तिरका छेद, खालची पानं काढून टाकली, ओल्या कुंडीत खोचली आणि वर काचेची बरणी पालथी घातली, म्हणजे आतल्या आत दमट राहतं. ठकी प्रत्येक पायरीला विचारत होती, आई, तिला दुखलं का गं? म्हटलं, झाडांना नाही दुखत. ठकी म्हणाली, तुला काय माहीत.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, परदेशात जाऊन बायकोने पहिलं काम काय केलं तर चोरी. कुंडी आता मागच्या व्हरांड्यात, खांबाआड ठेवलीय. मला उगाच वाटतंय की भिंतीवरून दिसत असेल. चोराच्या मनात चांदणं!

२० जानेवारी

लागली! आईचं खरं झालं. बरणी काढली तर नवी पानं उघडलेली. आणि गंमत म्हणजे मूळ झाडाच्या पानांची ती भोकं, खोडावरचे ते चिरे, यातलं हिच्यावर काही नाही. नवीन फांदीला जुन्या झाडाची जखम येत नाही. कोरं करकरीत रोप आहे.

हे लिहून इथेच थांबायला हवं होतं, पण दुपारी टोपीवाली आली. छोट्या फाटकातून सरळ आत. मी कोथिंबीर खुडत होते आणि कुंडी समोरच, खांबाआड लपवायलाही वेळ मिळाला नाही. तिने कुंडी पाहिली. मी गोरीमोरी झाले. ओरडेल, पैसे मागेल, कंपनीत तक्रार करेल, काय काय मनात येऊन गेलं.  ठकी पायरीवर बसली होती, टोपीवाली तिच्याजवळ गेली, तिची वेणी हातात घेतली, कुरवाळली, आणि कमरेची कात्री काढून वेणीचं टोक कापलं. तिरकं. एका झटक्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाली, एकाला एक. आणि गेली.

मी काय केलं? काहीही नाही. एरवी माझ्या पोरीला कुणी वाकडं बोललं तर मी अंगावर धावून जाते. भाजीवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आज मात्र चोरी माझी होती ना. केस काय, वाढतील, असं मी ठकीला सांगितलं, आणि ठकी म्हणाली, आई, मला दुखलं.

केसांना कधी दुखतं का?

२७ जानेवारी

ठकी मलूल आहे. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठते आणि व्हरांड्यात जाऊन बसते. बडबड थांबलीय. इतके दिवस मी म्हणायचे, जरा गप्प बस गं बाई, कान किटले. आता घर खायला उठतं. जेवणाला हात लावत नाही. हवा बदलली की पोरं अशी होतात, असं ताई म्हणते. असेल.

टोपीवालीच्या बाजूला भिंतीलगत एक वाफा नवीन केलाय. वाफ्यात काचेची बरणी पालथी ठेवलीय. फाटकाच्या फटीतून तिचं चकाकणारं बूड तेवढं दिसतं. आत काय लावलंय ते दिसत नाही. वाफ काचेवर धरलेली असते.

माझी कुंडी मात्र दणकून वाढतेय.

३ फेब्रुवारी

घरांच्या ओळीच्या टोकाला, रस्त्याच्या वळणाअलीकडे, कंपनीचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, हसून सांगितलं की मूल अगदी ठणठणीत आहे, पाणी जास्त द्या. वजन घटलंय ते त्यांनीच काट्यावर पाहिलं आणि काटा बिघडला असेल म्हणाले!

आता जे झालं ते लिहिते. नीट लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल. दुपार होती, लख्ख ऊन. ठकी माझ्या मांडीवर झोपली होती. आणि भिंतीपलीकडून ठकीच्या आवाजात कुणीतरी बोलत होतं. आपल्या भाषेत. जरा गप्प बस गं बाई. पाय झाक, डास चावतील. आधी जेव मग खेळ. माझीच वाक्यं, मी रोज या आवारात ओरडते ती, माझ्याच सुरात आणि ठकीच्या आवाजात. ठकीचे ओठ मिटलेले. मी तिच्या ओठांवर हात ठेवून पाहिला.

तिला खाली ठेवलं आणि स्टुलावर चढले.

दोरीवर कपडे नव्हते. कपडे मुलांच्या अंगावर होते. भाजीच्या रोपांसारखी ओळीने लावलेली मुलं, उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून. कुणी कमरेपर्यंत मातीत, कुणी मांड्यांपर्यंत. हलत नव्हती. वारा आला तेव्हा सगळी एकदम एका बाजूला कलली आणि परत सरळ झाली. आणि अगदी भिंतीशी, माझ्या नाकाखाली, नव्या वाफ्यात, बरणी काढून ठेवलेली आणि मातीतून खांद्यापर्यंत वर आलेली—

ठकीचे केस. ठकीचा भोवरा. तिने डोळे उघडले आणि मला म्हणाली, जरा गप्प बस गं बाई.

७ फेब्रुवारी

नवरा आला. मी फोनवर रडले म्हणून साइट सोडून आला. शहाणा माणूस, ओरडला नाही, हसला नाही. स्टुलावर चढून त्याने पाहिलं तेव्हा पाऊस कोसळत होता आणि सगळ्या वाफ्यांवर गोणपाट मांडवासारखं ताणलेलं. मग तो छत्री घेऊन तिच्या दारात जाऊन आला. म्हणाला की बाई भली वाटली, मुलं नाहीत म्हणते, तू तिची फांदी घेतलीस आणि तिने बदल्यात एक घेतली, मिटलं म्हणते, काहीतरी झाडांबद्दल बोलत होती. मी म्हटलं, झाडांबद्दल नाही रे बाबा! त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग मी हट्टच धरला की आत्ताच्या आत्ता ठकीला इथून हलवायचं. निघालो. ठकी माझ्या मांडीवर, मागच्या सीटवर. रस्त्याच्या वळणापर्यंत ठीक होती. वळण ओलांडलं आणि तिची मान पडली. हात गार. ओठ सुकून पांढरे, त्यांना भेगा पडलेल्या. उपटून उन्हात टाकलेलं रोप जसं पडतं तशी पडली माझी पोर. नवरा हॉस्पिटलकडे गाडी मारत होता आणि मी मागून किंचाळत होते, मागे फिर, मागे फिर, मागे फिर. शेवटी फिरला. आमचं छप्पर दिसू लागलं तेव्हा तिने डोळे उघडून पाणी मागितलं.

नवरा आता म्हणतो की प्रवास सोसला नाही तिला, चांगली सुधारली की बघू. मी काय सांगू? इकडे आड, तिकडे विहीर. घेऊन जाता येत नाही आणि ठेवता येत नाही.

१० फेब्रुवारी

नवरा साइटवर परत गेला. जावंच लागलं त्याला.

मी कुंडी उचलून टोपीवालीच्या दारात नेऊन ठेवली. हात जोडले. पदर पसरायला पदर नव्हता, ओढणी पसरली. म्हटलं, चुकले, तुझं तुला घे, माझं मला दे. तिने माझी ओढणी नीट घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली. म्हणाली की लागलेली फांदी कुणी परत घेत नाही. माझं फूल तुझ्याकडे छान आलंय, तुझं माझ्याकडे छान येतंय, रडतेस का? आणि खरंच तिला कळत नव्हतं, मी का रडते ते. हीच मोठी भीती वाटली मला. दुष्ट असती तर भांडले असते.

संध्याकाळी कुंडी परत माझ्या पायरीवर. पाणी घातलेलं.

तिकडची आता मांड्यांपर्यंत मातीबाहेर आहे. मी रोज बघते. बघू नये हे कळतं, तरी बघते. काल दगड उचलला होता. पण तिला लागलं तर इकडे ठकीला लागेल का? या विचाराने हात खाली आला. ती माझ्याकडे बघून हसते. दात ठकीसारखेच, पुढचा एक पडलेला.

ठकी आता उचलली तर उशीएवढी लागते हाताला.

१४ फेब्रुवारी

देवा, देवा, देवा! जिवात जीव आला!

दुपारी ठकीला व्हरांड्यात निजवलं होतं. गॅस बंद करायला आत गेले, कुकर उतरवला, बाहेर येते तर अंथरूण रिकामं.  धावले. छोटं फाटक उघडं आणि त्या फाटकात ठकी उभी! आपल्या पायांवर उभी! गालांवर लाली. पायजम्याला आणि हातांना चिखल माखलेला. मी उचलून घरात आणलं, कडी लावली. पायजमा मागाहून बदलला तिने, तिचा तिने, मोठ्या मुलीसारखा.

आणि जेवली! पोटभर जेवली, वर तांब्याभर पाणी प्यायली. नवऱ्याला फोन केला, तर तो फोनवर रडला. ताई बोलली नव्हती का, म्हणाला, हवेचाच प्रश्न होता. ताईने तिकडे साखर वाटली म्हणे.

इतके दिवस देव पाण्यात घालून बसले होते मी. आज काढते त्यांना पाण्याबाहेर.

१६ फेब्रुवारी

ठकी झकास. खाते, पिते, उन्हात खेळते. पाणी फार लागतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आंघोळ मात्र मला घालू देत नाही, माझी मी करते म्हणते. गप्पाही कमीच मारते, पण येतील परत. मी म्हटलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवते आणि हसते. चिडवते मला, लबाड.

भिंतीपलीकडची सुकतेय. आज पाहिलं. मान खांद्यावर पडलेली, तोंड पांढरंफटक. गुडघ्यांच्या वरपर्यंत मातीत. मला बघून आई म्हणाली. नुसतं आई. मी खाली उतरले. आवाज ठकीचा आहे ना, आतडं तुटतंच.

पण मी ठाम आहे. इकडची सुधारली की तिकडची सुकते. म्हणजे तिकडची गेली की इकडची पुरती मोकळी होईल, आणि मग वळण ओलांडून आम्ही जाऊ, घरी जाऊ, तिसऱ्या मजल्यावर. या शनिवारी काँक्रीट ओतायचंय, नवरा येणार नाही. त्याला विचारून काय मिळणार? मलाच करावं लागणार आहे.

आईची मिठाची युक्ती आठवली. फरशीतून वड उगवला की ती उकळतं पाणी आणि मूठमूठ मीठ घालायची. पुन्हा डोकं वर काढायचा नाही.

१७ फेब्रुवारी

केलं.

मोठं पातेलं भरून. हात भाजले माझे. टोपीवाली तिच्या व्हरांड्यात बसली होती, मला वाटलं अडवेल. तिने उठून फाटक उघडून धरलं. सगळी मुलं डोळे मिटून उभी.

पहिल्या वाफ्यातली ती रडत होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते. नुसतं आई आई. मग म्हणाली, आई, गुडघा ठणकतोय गं. मी म्हटलं गप्प. तू माझी कुणी नाहीस. सगळं शिकलेलं आहेस, माझंच ऐकून शिकलेलं.

आणि ओतलं. मुळाशी.

किंचाळली. लिहवत नाही.

घरी आले तर ठकी खिडकीशी उभी राहून बघत होती. मी तिला पोटाशी धरलं. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. थोपटताना म्हणाली, एकाला एक.

हे वाक्य मी घरात कधी बोलले होते का?

१८ फेब्रुवारी

झोप नाही. हातांना फोड आलेत.

गुडघा का म्हणाली? माझ्या बोलण्यात गुडघा कधी आला? पाय झाक म्हणायचे मी. पाय. गुडघा नाही.

येत असेल. कधीतरी बोलले असेन.

१९ फेब्रुवारी

पाणी सांडून तिचा पायजमा भिजला. नको नको म्हणत होती. मी हसत ओढला, नेहमीसारखा—

डावा. उजवा. परत डावा. खिडकीशी उजेडात नेलं. बोट फिरवून पाहिलं.

वण नाही. टाके नाहीत.

नवीन फांदीला जुन्या झाडाची — मीच लिहिलंय. याच वहीत, मागे, मीच —

त्या दिवशी फाटकात उभी होती ती ठकी नव्हती. चिखल. मातीतून आली होती. आणि ठकी, माझी ठकी, तिच्या जागी, गुडघे मातीत —

मी काय ओतलं. माझ्याच हाताने. आई म्हणत होती ती मला. मी म्हटलं तू माझी कुणी —

आवाज येतोय. आत्ता. भिंतीपलीकडून, बारीक. आहे. आहे अजून! गार पाणी भरपूर घालायचं, मीठ खाली जाईल. माती हाताने सैल करायची, फावडं नको, मुळं तुटतील. अलगद काढून —

जाऊ देत नाही ही. मी दाराकडे निघाले तर पायांना मिठी मारून बसलीय, लाडाने, आईसाहेब म्हणते. सोडवते तर सुटत नाही. एवढीशी पोर. मी खाली पडले. फोन बाहेरच्या खोलीत. वही तेवढी ओट्यावरून हाताला लागली.

ताई, तू हे वाचशील तर आधी तिकडे जा. भिंतीपलीकडे. पहिलाच वाफा. गुडघ्यावर वण असेल. माझ्याकडे नंतर बघ, आधी ठकीला —

पाय उचलत नाही. तिच्या बोटांतून काहीतरी बारीक, पांढरं, फरशीच्या फटीत शिरतंय. घोट्याला आलंय.

ठकी, आले गं बाळा. हाक मारत राहा. थांबू नकोस, मी

आवाज आता